कुपाटीपलीकडचं घर

वर्धा, ६ एप्रिल १९५७

ठरले एकदाचे. सुलोचनाचे लग्न वैशाखी पौर्णिमेला, १३ मेला, आणि तेही आपल्याच घरी, मागच्या अंगणात, सांदवाडीत.

आज हिंगणघाटहून पुनाजी येऊन गेले. ते तिथल्या गिरणीत जॉबर, मजुरांवरचे मुकादम, आहेत आणि त्यांचा मुलगा नत्थू, आपला होणारा जावई, सूतखात्यात लागला आहे. नागपूरला दीक्षेच्या दिवशी ही मंडळी आमच्या शेजारीच बसली होती, तेव्हापासूनची ओळख. लग्न जुन्या वस्तीत व्हावे असे पुनाजींच्या मनात होते. तिथे आपली माणसे आहेत, जागा मोकळी आहे. मी म्हटले, ते सोयीचे आहे, पण बरोबर नाही. सिंदी मेघेच्या रस्त्यावरच्या या आळीत आपले एकच घर आहे, म्हणूनच लग्न इथे झाले पाहिजे. ना भटजी, ना मुहूर्त, ना देवक. पाहू दे लोकांना.

धुरपताने फक्त एवढेच विचारले की स्वयंपाकाच्या चुली कुठे मांडायच्या. बायकोला क्रांती सांगावी तर ती चुली विचारते.

माय म्हणाली, त्या रात्री गिरान आहे. मी तिला समजावले की चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे मी चौथीच्या पोरांना शिकवतो. ती म्हणाली, "सावलीच पडते बाबू, मी तरी दुसरं काय म्हनून राह्यली?"

१७ एप्रिल

शाळा सकाळची झाली आहे, त्यामुळे दुपारभर सांदवाडीतच होतो. मांडवाला बांबू पवनारचा एक ओळखीचा माणूस गाडीत टाकून आणणार आहे. वर जांभळाच्या फांद्या घालू. उत्तरेकडे बुद्धाच्या तसबिरीचे टेबल, समोर नवरा-नवरी, पंगत त्यामागे. जागा थोडी आखूड पडते.

तो प्रश्न आज बंडूजींनीच सोडवला. त्यांच्या आमच्या घरांची पाठीला पाठ लागते, मध्ये काट्यांची कुपाटी. त्यांचे पुढचे दार पलीकडच्या गल्लीत, तिकडे आमचे जाणे नाही. कुपाटीला एक खिंडार आहे, त्यातून त्यांची गुलाब आणि आमची सुलोचना ये-जा करतात. उशीचे अभ्रे भरायचे काम दोघींनी मिळून काढले आहे. बंडूजी कापसाच्या बाजारात मापारी, बोलायला गोड माणूस. त्यांच्या अनुसयाबाई कधीमधी ताक देतात, पण वरून ओततात, त्यांचे भांडे आमच्या भांड्याला लागू देत नाहीत. धुरपता म्हणते, ताक तर देते ना. मी म्हणतो, ताक राहू दे, भांडे टेकव म्हणावे.

आज मात्र बंडूजी कुपाटीशी येऊन म्हणाले की लग्नाच्या दिवशी ही कुपाटी सोडून टाकू, पंगत आमच्या वाडीत बसवा. चांगला माणूस आहे. मी उगाच लोकांविषयी वाईट धरून बसतो.

विधीचा घोळ चालूच आहे. नागपूरचे एक गृहस्थ वंदना सांगायला येणार. हळद चालते का, बाशिंग चालते का, कोणालाच ठाऊक नाही. मी निकाल दिला की हळद ही देव नाही, ती मसाल्यात पडते, तेव्हा चालेल. बायका खूश.

२४ एप्रिल

सकाळी पाहतो तर कुपाटीचे खिंडार बुजवलेले. बाभळीचे काटे खच्चून कोंबले आहेत, हात घालायला जागा नाही.

मी बंडूजींना हाक मारली. बऱ्याच वेळाने आले. दाढी वाढलेली, या तापलेल्या मातीत पाय अनवाणी. कुपाटीपासून लांबच उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, काही दिवस इकडे येऊ नोका. पोरीले बी पाठवू नोका." मी कारण विचारले तर खाली पाहत राहिले, मग आपल्याच घराकडे हात जोडले आणि निघून गेले.

हे काय आहे ते मला कळते. आळीतल्या चार जणांनी त्यांना गाठले असणार. कुपाटी सोडता काय, त्यांची पंगत आपल्या वाडीत बसवता काय. आणि हा गोड माणूस लगेच वाकला. आठवड्यापूर्वी मी या वहीत त्याला चांगला म्हणून बसलो, याचा आता राग येतो.

संध्याकाळी धुरपता म्हणाली की त्यांच्याकडून दोन-तीन दिवस फोडणीचा वास नाही, जात्याचा आवाज नाही. मी म्हटले, आपला वारासुद्धा लागू नये म्हणून दारे लावून घेतली असतील. माय ओट्यावर बसून त्या घराकडे तोंड करून काही पुटपुटत होती. मी आलो तशी गप्प झाली. दीक्षेनंतर या घरात देवीचे नाव मी बंद केले आहे. देव्हाऱ्यातला मरीमायचा टाक मी स्वतः धाम नदीत सोडला, तेव्हा माय काठावर पाठ करून बसली होती. अजून तिच्या मनातून गेले नाही.

२७ एप्रिल

आज माय शेवटी बोललीच. मी जेवत होतो. ताटापाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "श्रावन, त्या घरी देवी निंगाल्या. गुलाबले. म्हनून काटे लावले."

मी विचारले, तुला कोणी सांगितले. म्हणाली, सांगायला कशाला लागते, फोडणी बंद, वहाणा बंद, दाढी बंद, मी काय आजची आहे का.

माझा घास तिथेच राहिला. मी लहान असताना आम्हाला शाळेच्या ओसरीवर बसवत. तपासणीला साहेब आला की गुरुजी सांगत, या पोरांना खरूज आहे म्हणून वेगळी बसवली. आम्हाला खरूज नव्हती. मी माझे हात उलटसुलट करून साहेबाला दाखवायला गेलो आणि नंतर मार खाल्ला. रोगाचे नाव पुढे करून दार लावणे ही यांची जुनी रीत आहे, मायेला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवे. खरोखर देवीचा रोग असता तर बंडूजीने तसे सरळ सांगितले नसते का? तोंड काय शिवले होते?

मी म्हटले, पुन्हा या घरात ते नाव नको. माय उठून गेली. जेवण गोड लागले नाही.

२८ एप्रिल, रविवार

पत्रिका छापून आल्या. झकास कागद, निळी शाई.

पहिली पत्रिका बंडूजींच्या घरी द्यायची असे मी ठरवले, आणि ती सुलोचनाच्या हाताने. तिला सांगितले की कुपाटीवरून टाकायची नाही. गल्लीने फिरून पुढच्या दाराने जा. पायरीवर उभी राहू नकोस, हाक मारून वाट पाहू नकोस. सरळ आत जा आणि गुलाबच्या हातात पत्रिका दे. आता कायद्याने कोणी कोणाला बाहेर उभे करू शकत नाही.

ती म्हणाली, "बाबा, नंतर देली तं?" मी म्हटले, नंतर म्हणजे कधीच नाही.

बऱ्याच वेळाने आली आणि तडक न्हाणीत गेली. मी बाहेरूनच विचारले. अनुसयाबाई विहिरीवर होत्या, दार उघडे होते, आत गेले, म्हणाली. गुलाब अंधाऱ्या खोलीत पडून होती, तोंडावर पांढरे फडके. पत्रिका घेतली. बाकी काही बोलायला तयार नाही. म्हणजे त्या पोरीलाही शिकवून ठेवले आहे. दोन वर्षांपासूनची मैत्रीण घरात आली तर तोंडावरचे फडके काढत नाही.

असो. आज आमच्या घरातले माणूस त्या उंबरठ्याच्या आत गेले. माझा बाप हे पाहायला हवा होता. मला फार बरे वाटले, ते लपवत नाही.

संध्याकाळी पाहतो तर न्हाणीत कडुनिंबाचा पाला उकळलेला. माय सुलोचनाला डोक्यावरून आंघोळ घालत होती. मी पाणी ओतून दिले. चांगले बोलणे झाले नाही.

१ मे

नगरपालिकेचा लस टोचणारा आला होता. पलीकडच्या गल्लीतून सुरुवात करून आमच्याकडे दुपारी उतरला. सरकारी माणसाला नेहमी तीच गल्ली आधी दिसते.

मी सर्वांआधी माझा दंड पुढे केला. आपण शिकलेल्या माणसांनी दाखवून दिले पाहिजे. धुरपतानेही टोचून घेतले. सुलोचनाला लहानपणी टोचले होते पण ते फुगले नव्हते, म्हणजे लागू पडले नव्हते. आता टोचावे तर दंड सुजतो, ताप भरतो, आणि चुडा भरायचा दिवस तोंडावर आला आहे. धुरपता म्हणाली, लग्न झाल्यावर टोचू. मलाही ते पटले. नवरीचा हात लोंबता दिसला तर पुनाजींची माणसे काय म्हणतील.

टोचणाऱ्याने विचारले, "या घरचं कोनी मागच्या घरी गेलतं काय इतक्यात?"

मी म्हटले, आम्हाला त्या घरात कोण जाऊ देतो?

तो हसला, लिहून घेतले आणि गेला. सुलोचना दाराआड उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी चांगला टोला हाणला असे मला वाटले. आता लिहिताना ते वाक्य तितकेसे बरे वाटत नाही. पण तो टोलाच होता, खोटे बोलायचा विचार नव्हता.

६ मे

मांडव उभा राहिला. जांभळाच्या फांद्यांनी सांदवाडीत गारवा आला आहे. सगळे बांबू जमिनीत पक्के बसले.

संध्याकाळी वस्तीतली बँडची मंडळी आली, एकदा वाजवून पाहतो म्हणाली. मी त्यांना कुपाटीकडे तोंड करून उभे केले. वाजवा म्हटले, जोरात. ज्यांनी काटे लावले त्यांना ऐकू जाऊ दे. ताशावाल्याने जीव तोडून वाजवले.

मध्येच बंडूजी कुपाटीपाशी आलेले दिसले. हात जोडून उभे, तोंड हलत होते. आवाजात काही ऐकू आले नाही. आता हात जोडायला सुचले वाटते. मी बँडवाल्यांना म्हटले, आणखी एक होऊ द्या.

७ मे

गुलाब गेली.

आमच्या शाळेतल्या प्रभाकरराव मास्तरांनी सांगितले. ते पलीकडच्या गल्लीत राहतात. काल दिवेलागणीला गेली. देवीच होत्या. त्यांच्या पुढच्या दाराला दोन आठवडे निंबाची डहाळी बांधलेली होती, गल्लीत सर्वांना ठाऊक होते. मला का नाही सांगितले म्हणून विचारले तर प्रभाकरराव म्हणाले, तुमच्यापुढे देवीचे नाव कोण काढणार, तुम्ही अंगावर येता.

दिवेलागणीला बँड वाजत होता.

मी घरी येऊन कुपाटीपाशी जाऊन उभा राहिलो. पलीकडे कोणी नव्हते. हाक मारायची हिंमत झाली नाही.

मग सुलोचनाला विचारले, तू आत गेलीस तेव्हा काय पाहिलेस? म्हणाली, फोड होते, तोंडावर, हातावर, सगळीकडे. तेव्हा का बोलली नाहीस, असे मी ओरडलो असेन. ती म्हणाली, "तुमी खुशीत होते, बाबा."

९ मे

धुरपता म्हणते, लग्न पुढे ढकला.

तिला मी समजावून सांगितले, निदान प्रयत्न केला. लग्न ढकलले की ही आळी काय म्हणणार ते मला आजच ऐकू येते. देव नदीत सोडले, देवक बसवले नाही, बघा आता मरीमायने कशी धरली. नुसती ही आळी नाही, आपल्या वस्तीतलेही म्हणतील. दीक्षा घेतली पण अजून कोपऱ्यात टाक झाकून ठेवले आहेत अशी घरे मला माहीत आहेत. ती सगळी माझ्या मांडवाकडे डोळे लावून बसली आहेत. हा मांडव रिकामा राहिला तर त्यांचे टाक पुन्हा भिंतीतल्या देवळीत बसतील. माझ्या एका घराचा हा प्रश्न राहिलेला नाही.

"म्हनू द्या," धुरपता म्हणाली. "म्हनल्यानं कोनी मरत नाई."

सुलोचना ठणठणीत आहे. आज दिवसभर चिवडा भाजत होती. एकदा जाऊन आले म्हणजे लागतेच असे नाही. मी पुस्तकात शोधले, पण आमच्या शाळेच्या आरोग्याच्या पुस्तकात या रोगावर एक परिच्छेद आहे आणि त्यात असे काही दिलेले नाही.

१० मे

सुलोचनाला ताप. कंबर फार दुखते म्हणते. चार दिवसांची दगदग आणि हे ऊन. तिला निजवून ठेवले आहे.

माय तिच्या खोलीतून हलत नाही. मी काही बोललो नाही.

१२ मे

ताप आज उतरला. मी सगळ्यांना मोठ्याने सांगितले की पाहा, उतरला.

दुपारी वस्तीतल्या बायका हळदीला आल्या. सुलोचना पाटावर बसली, पण मान वर करत नव्हती. हळद लावताना तिच्या कपाळावर आणि मनगटापाशी बारीक लालसर पुटकुळ्या दिसल्या. घामोळे आहे. वैशाखात कोणाला होत नाही? मी बायकांना म्हटले, लावा, भरपूर लावा. हळदीखाली काही दिसेनासे झाले.

धुरपताने वाटी खाली ठेवली आणि आत निघून गेली. माय तर पाटाजवळ आलीच नाही.

उद्या सकाळच्या गाडीने वऱ्हाड येते. घामोळेच आहे.

१३ मे, वैशाखी पौर्णिमा

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहायचे आहे.

सकाळी घरातून निघालो तेव्हा मी कोणाला काही सांगणार नव्हतो. वऱ्हाडाला मानाने घेऊन यायचे, वंदना उरकून घ्यायची, मग पुढचे पुढे. स्टेशनावर गाडी लागली. निळे झेंडे घेऊन मंडळी उतरली. नत्थू पांढऱ्या सदऱ्यात, लाजत होता. पुनाजींनी मला मिठी मारली. मग त्यांच्या मुलीने, रामबाईने, आपले तान्हे माझ्या हातात दिले, सामान उतरवायचे होते म्हणून. पोर घामेजलेले होते, त्याने माझे बोट धरले. त्याचा दंड कोरा होता, टोचल्याची खूण नव्हती. आजूबाजूला लहान पोरे फलाटावर धावत होती. किती तरी होती.

मी म्हटले, पुनाजी, घरी येऊ नका. पोरीला देवी निघाल्या आहेत.

महिनाभरात हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला. पुनाजींना आधी खरे वाटेना. मग त्यांचा चेहरा बदलला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, इथून वापस गेलो तं गिरणीत तोंड दाखवता येनार नाई. लोक म्हनतीन, देवीनं मोडलं. तुमीच तं शिकवलं आमाले, काही नसते म्हनून. चाला, दुरून वंदना करू, पन लगन लावू."

शब्द न् शब्द माझा होता. मी तान्हे रामबाईला परत दिले आणि हात जोडले. म्हटले, पुनाजी, देवी नाही, रोग आहे. पण हा रोग पोरे नेतो. माझ्यावर थुंका, पण वापस जा.

पुनाजी म्हणाले की जुन्या रीतीच्या लोकांनीसुद्धा वऱ्हाड कधी फलाटावरून परत लावले नव्हते. मग ते कोणाशी बोलले नाहीत. परतीची गाडी येईपर्यंत सगळी मंडळी उन्हात बसून राहिली. मी लांब उभा राहिलो, पाणीसुद्धा विचारता येईना. नत्थू एकदा उठून माझ्याकडे यायला निघाला, त्याला बापाने दंड धरून खाली बसवले.

घरी येताना आळीतल्या ओट्यांवर माणसे होती. कोणी काही बोलले नाही. मला जे ऐकू येईल असे वाटले होते, ते त्यांनी मी आत गेल्यावर बोलून घेतले असेल.

१५ मे

फोड भरले आहेत. गळ्यात, पापण्यांवर, तळव्यांवर. डॉक्टर येऊन गेले, वाट पाहा म्हणाले.

अनुसयाबाई काल पुढच्या दाराने आल्या आणि न विचारता सुलोचनाच्या खाटेशी बसल्या. त्यांना लहानपणी देवी निघून गेल्या आहेत, म्हणतात, मला भीती नाही. मी माफी मागायला तोंड उघडले, त्यांनी हातानेच नको म्हटले आणि निंबाच्या डहाळीने वारा घालत राहिल्या.

दुपारी त्या जरा कलंडल्या तेव्हा मी खाटेशी होतो. सुलोचना जागी होती. डोळे सुजून बंद झाले आहेत, पण माझी चाहूल तिला लागते. वऱ्हाड आले होते का, असे तिने विचारले. मी सांगितले, आले होते, स्टेशनावरून परत लावले.

"बरं केलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी गुलाबनं मले दारातच ओयखलं. उठून बसली अन् म्हने, आत येऊ नोको, वापस जाय. दोनदा म्हनलं तिनं. मी म्हटलं, बाबांनी आत जायले सांगतलं."

तिने चाचपून माझा हात धरला, जरा वेळ धरून ठेवला आणि पाणी मागितले. ती रागाने बोलली असती तर मला सोपे गेले असते.